भिंतीपलीकडचा तास

कॉलेजात माझी खोली आणि तिची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही पुरती भिंत नव्हती. मुळात ते एक मोठं सभागृह होतं. तुकड्या वाढल्या तेव्हा मधोमध विटांची पातळ भिंत उभी केली आणि वरचा हातभर भाग तसाच मोकळा सोडला. त्या मोकळ्या पट्टीतून पलीकडचा उजेड माझ्या छतावर यायचा, आणि पलीकडचा आवाज सगळाच्या सगळा यायचा. मी इकडे इतिहास शिकवायचो, ती तिकडे अर्थशास्त्र. वेळापत्रक करणाऱ्यांनी आम्हा दोघांना दुपारचा शेवटचा तास एकाच वेळी दिलेला असायचा. नवरा-बायकोला एकाच स्कूटरवर घरी जाता यावं, एवढाच विचार असेल त्यामागे.

गेल्या मार्गशीर्षात ती गेली. आजार साधा आहे असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. दिवाळीनंतर पनवेलच्या दवाखान्यातून घरी आलो तेव्हाही ती तपासायचे पेपर राहिलेत म्हणत होती. त्याबद्दल मला फार लिहायचं नाही. लिहायचं आहे ते आवाजाबद्दल. घरातलं काय काय गप्प होईल याची थोडीफार कल्पना होती. भेटायला येणारे सगळेच तेच तर सांगत होते. पण कॉलेजात परत आल्यावर दुपारच्या तासाला ती भिंत गप्प असेल, हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिच्या तासाचा आवाज मला पाठ होता. आधी हजेरी. मग तिचं थोडंसं बोलणं, तेही बहुतेक प्रश्नच. मग शहाबादी फरशीवरून लोखंडी पायांची बाकं ओढल्याचा आवाज आणि त्यानंतर गलका. ती मुलांना घोळक्यांत बसवून एकमेकांशी बोलायला लावायची, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. शेवटच्या दीड वर्षात मात्र त्या आवाजात एक नवी गोष्ट आली होती. बाकं एकदाच नाही, एका तासात पुन्हा पुन्हा सरकायची. गलका खोलीभर पसरण्याऐवजी एका कोपऱ्यात गोळा व्हायचा, तिथे घुमायचा, मग बाकं ओढली जायची आणि तो उठून दुसऱ्या कोपऱ्यात जायचा. मधमाश्यांचं मोहोळ फांदी बदलतं तसं. माझ्या वर्गातली मुलं मान वर करून त्या मोकळ्या पट्टीकडे बघत राहायची. शेवटी मी खडू ठेवायचो आणि डस्टरच्या लाकडी बाजूने भिंत वाजवायचो. पलीकडे क्षणभर शांत. मग कुणीतरी हळू काहीतरी बोलायचं, बहुतेक तीच, आणि पाठोपाठ अख्खा वर्ग हसायचा. त्या हसण्याचं कारण मला कधी कळलं नाही.

घरी जाताना त्यावरून आमचं रोज चालायचं. कर्जत मागे पडलं की रस्त्याला दोन्ही बाजूंनी भाताची खाचरं लागतात. तिकडे सूर्य माथेरानच्या डोंगरामागे लवकर उतरतो, आणि मग खूप वेळ नुसता उजेड उरतो, सावल्या नसलेला. त्या उजेडात ती माझ्या मागे बसून कानाशी बोलायची.

“आज पुन्हा भिंत वाजवलीस.”

“आज पुन्हा बाजार भरवलास.”

“बाजारात माणसं शिकतात. तुझ्या देवळात झोपतात.”

“देवळात झोपलेल्यालाही काहीतरी मिळतं.”

“हो, प्रसाद.”

मी म्हणायचो, ऐकणं हेही काम आहे. चांगला बोलणारा समोर असेल तर मूल मनातल्या मनात त्याच्याबरोबर चालत असतं, ते दिसत नाही इतकंच. ती म्हणायची, दिसत नसेल तर तुला कसं कळतं? मग मी विचारायचो, ती बाकं सारखी कशाला ओढता? त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. “सांगून कळणार नाही. येऊन बघ एकदा.” आणि माझंही ठरलेलं. “तुझ्या तासाला माझाही तास असतो.” खालापूरच्या अलीकडे आमची गल्ली येईपर्यंत विषय बदललेला असायचा, आणि घरी पोचल्यावर संध्याकाळचा स्वयंपाक मी करायचो, कारण तिला तो येत असूनही आवडत नसे.

बाकीच्या प्राध्यापकांची मतं स्टाफरूममध्ये चहाबरोबर निघायची. नवं धोरण आल्यापासून ‘सक्रिय अध्ययन’ हा शब्द प्रत्येक परिपत्रकात असतो. त्यावर एक कार्यशाळा झाली, तिथून आम्ही सगळे चार्टपेपर आणि स्केचपेनची पाकिटं घेऊन आलो. वाणिज्यचे एक ज्येष्ठ सर आहेत, त्यांनी पाकीट न फोडता कपाटात टाकलं.

“माझ्या वर्गात सक्रिय फक्त पंखा आहे,” ते म्हणाले. “तोसुद्धा लाईट असली तर.”

“पण सर, मुलं बोलायला लागली ना, की विषय आतपर्यंत जातो,” आमचा एक तरुण सहकारी म्हणाला. तो तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवतो आणि कार्यशाळेत सगळ्यांत पुढच्या रांगेत होता.

“विषय आत गेला आणि पोर्शन बाहेर राहिला, तर परीक्षेत कोण लिहिणार? तू?”

सगळे हसले. तोही हसला, आणि मी पाहिलंय, वर्गात तो आमच्यासारखाच फळ्याशी उभा राहून बोलतो. त्याला दोष नाही. पगार तासांवर, तास पोर्शनवर. मतं आणि हात एका दिशेला जातातच असं नाही. मला तर मतही नव्हतं, फक्त सवय होती.

या जूनमध्ये प्राचार्यांनी मला बोलावलं. आमच्याकडे तिसऱ्या वर्षाला परिसर अभ्यासाचा एक पेपर असतो, अर्धा इतिहास, अर्धं अर्थकारण. तो तिचा होता. “सर, तुम्ही घ्याल का? जागा भरली जायची तेव्हा जाईल,” प्राचार्य म्हणाले, आणि थोडं थांबून, “खोली मात्र तीच आहे. जड जात असेल तर बदलून देतो.”

मी म्हटलं, खोली राहू द्या.

माझ्या मनात काय होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. तिसऱ्या वर्षाची ही मुलं पहिल्या वर्षात आणि दुसऱ्याच्या अर्ध्यापर्यंत तिच्या हाताखाली होती. बाकं पुन्हा पुन्हा ओढली जाऊ लागली ती याच मुलांच्या वेळी. उन्हाळ्यात ती पास होऊन जातील, कुणी पनवेलला नोकरीला, कुणी घरच्या दुकानात, मुली कदाचित आणखी लांब. त्यांच्यानंतर तिच्या तासाला पुरतं वर्षभर बसलेलं कुणीच कॉलेजात उरणार नाही. ती कशी शिकवायची हे तिने कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि मी ते फक्त भिंतीतून ऐकलं होतं. ती मुलं जायच्या आत मला तो आवाज एकदा परत त्या खोलीत आणायचा होता. एवढंच हवं होतं, आणि ते मिळेल याची काही खात्री नव्हती.

मुलांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण विचारताना माझा चेहरा कसा होईल ते मला ठाऊक होतं, आणि तो बघून त्यांचे कसे होतील तेही.

आषाढात लावणी सुरू झाली की आमचे वर्ग अर्धे रिकामे होतात. कडाव, कशेळे, त्याच्याही पलीकडच्या वाड्या, सगळीकडची मुलं चिखलात असतात. मुलं परत आली तेव्हा मी सुरुवात केली. कार्यशाळेत सांगितलं होतं तसं: आधी एकट्याने विचार करा, मग शेजाऱ्याशी बोला, मग वर्गाला सांगा. मुलांनी एकट्याने विचार केला. शेजाऱ्याशी बोलायची वेळ आली तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली. मग पुढच्या बाकावरची कडावची मुलगी उठली.

“सर, नंतर तुमी उत्तर डिक्टेट करणार ना?”

“नाही. उत्तर तुम्हीच काढायचं.”

“हां. पण नंतर?”

पुढच्या आठवड्यात मी गट केले. गटात बसून ती तितकीच गप्प. बाकं सरकली खरी, पण एकदाच, आणि भिंत ओलांडून जाईल असा काहीच आवाज झाला नाही. तिच्या खोलीत मी तिच्या खुर्चीत बसलो होतो, पंखा फिरत होता, मुलं आदराने गप्प होती. तो आदर माझ्या दुःखाचा होता हे मला उशिरा लक्षात आलं. माझ्यासमोर मोठ्याने बोलायची त्यांना लाज वाटत होती. सुतकाच्या घरात रेडिओ लावत नाहीत, तसं.

त्या दिवसांत सुटीच्या दुपारी घरी डोळा लागला की मला बाकं ओढल्याचा आवाज यायचा. स्वप्नात ती खोली नसायचीच. पाण्याने भरलेली खाचरं, आणि त्यांच्या तळावरून कुणीतरी बाकं ओढत नेतंय. पाणी हलायचं नाही. मी बांधावर उभा, हातात डस्टर. जाग आली की मी उठून चहा ठेवायचो. सवयीने दोघांचा व्हायचा, मग दोन्ही कप मीच प्यायचो.

भाद्रपद लागला. भात पोटरीला आलं, वारा आला की शेतं एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायची. त्या दुपारी मी वर्गाचे चार गट केले आणि प्रत्येकाला एक एक प्रश्न दिला. गावातल्या विकलेल्या जमिनींवर आता काय आहे? पाणी कुठून मिळतं? घरटी कोण कुठे कामाला जातं? आठवडी बाजारात आपलं काय जातं आणि बाहेरचं काय येतं? प्रत्येक गटाने आपापला तुकडा करायचा, शेवटी चारही तुकडे जोडायचे. कार्यशाळेत ही पद्धत फार नावाजली होती. सांगून झालं आणि मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो, वर्गाकडे पाठ करून. मला वाटलं, मी दिसलो नाही तर ती बोलतील.

बाहेर डोंगरावर ढग टेकला होता. उजेड पाण्यातून गाळून आल्यासारखा. मी किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. मग मागे बाकं सरकली.

मी वळलो नाही. वळलो तर थांबेल असं वाटलं. कुजबुज झाली, ती वाढली, कुणीतरी “ये हिकडं सरक ना गं” म्हणालं, कुणीतरी हसलं. गलका एका कोपऱ्यात गोळा झाला. तिथे घुमला. आणि मग पुन्हा बाकं.  तोच आवाज, फक्त मध्ये भिंत नव्हती.

वळून पाहिलं तर अख्खा वर्ग दुसऱ्या गटाभोवती बाकं ओढून बसला होता. बाकी तिन्ही कोपरे रिकामे. माझ्यातला मास्तर आधी जागा झाला.

“हे काय? प्रत्येकाला आपापला प्रश्न दिला होता ना? आपल्या जागेवर जा बघू.”

“जातो ना सर,” कडावची मुलगी म्हणाली. “हिचं आवरलं की तिकडंच येणार सगळी.”

“हिचं म्हणजे?”

“हिच्या गटाचं. मंग आमचं. मंग ह्या शहाण्यांचं.”

“सावड हाय सर,” मागून कशेळ्याचा एक उंच मुलगा म्हणाला.

सावड मला माहीत होती. लावणीला कुणी एकटं आपलं शेत लावत नाही. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. मजुरी नसते, ज्याचं शेत त्याच्याकडे त्या दिवशीचं जेवण. पण ती चिखलातली गोष्ट.

“अरे, पण मी चार वेगळे प्रश्न दिलेत. सगळ्यांनी मिळून करायचे असते तर वेगळे कशाला दिले असते?”

“वेगळेच हायेत ना सर,” तो मुलगा म्हणाला. “खाचरंबी वेगळीच असत्यात.”

मला हसू आलं. ते बघून वर्ग सैल झाला. एकीने शेजारच्याला कोपर मारलं. “सर, ह्याच्या गटाला आमी शेवटी जाणार. अंगचोर हाय हा. आमच्या प्रश्नाला नुसता पेन्सिल खातो.”

“खोटं बोलते, सर! जमिनीचे भाव कुणी सांगितले मगाशी?”

“तुझ्या आयनं सांगितलेले तुला.”

“मंग? माज्या आयची सावड नाय व्हय ती?”

गलका ओसरल्यावर मी विचारलं. म्हणजे विचारायचं ठरवलं नव्हतं, विचारलं गेलं. “मॅडमच्या तासालाही असंच करायचात?”

 मग कडावच्या मुलीने सांगितलं. पहिल्या वर्षी मॅडमनी असेच गट पाडले होते, असेच वेगवेगळे प्रश्न. “आमाला वाटलं, येवढ्याशा चारजणांनी कसं व्हायचं? उठलो आनि गेलो सगळे एकाकडं. मॅडम ओरडल्या आधी. तुमच्यासारख्याच.”

“मग?”

“मंग खुर्चीत बसल्या. म्हनाल्या, बरं, करा तुमच्या रीतीनं, मी बघते. आनि मंग मधीच उठून आमच्यात येऊन बसल्या. चौथ्या प्रश्नाला त्यांना आमी कामाला लावलं.”

मला ती संध्याकाळ आठवली. दोनेक वर्षांपूर्वीची. ती स्कूटरवर बराच वेळ गप्प होती आणि मग मधेच एकटीच हसली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, आज मला काम लागलं. मी म्हटलं, कसलं? म्हणाली, सांगून कळणार नाही. मी पुढे विचारलं नाही. समोरून टेंपो येत होता.

मी टेबलावरचा खडू उचलला आणि परत ठेवला. मग एक रिकामं बाक ओढलं. त्याचा जो कर्कश आवाज झाला तो मला आवडला. दुसऱ्या गटाच्या कडेला मी जाऊन बसलो. पाण्याचा प्रश्न चालू होता. एक जण म्हणत होता बंगल्यांच्या बोअरवेलमुळे विहिरी आटल्या, दुसरी म्हणत होती विहिरी आधीच आटत होत्या, बंगले आले म्हणून दिसल्या. मला इथल्या जुन्या तळ्यांबद्दल थोडं माहीत होतं. मी ते सांगू लागलो आणि नेहमीच्या सवयीने बरंच सांगत गेलो. ती मुलं ऐकत होती, खरंच ऐकत होती, आणि मला वाटलं, ऐकणं हेही काम आहे हे तू कधी मान्य केलं नाहीस, आता बघ. मग कशेळ्याचा मुलगा म्हणाला, “सर, येवढं पुरे, पुढचं खाचर ऱ्हायलंय,” आणि सगळे उठले. मीही माझं बाक ओढत त्यांच्याबरोबर गेलो.

तिसऱ्या गटापाशी आवाज चांगलाच चढला. आणि तेव्हा भिंत वाजली.

टक टक टक. डस्टरची लाकडी बाजू. पलीकडे, माझ्या जुन्या खोलीत, आता तो राज्यशास्त्राचा तरुण सहकारी तास घेतो.

वर्ग गप्प झाला. पण ते गप्प होणं घाबरल्याचं नव्हतं. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती, कशाची तरी वाट बघावी तशी. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण एकेकाची नजर खाली गेली.

“काय झालं?”

“काय नाय सर.”

“मॅडम काहीतरी म्हणायच्या ना या वेळी? मी पलीकडून ऐकायचो. शब्द कळायचे नाहीत.”

मुलींनी एकमेकींकडे बघितलं. एकीने ओढणी तोंडाला लावली.

“तूच सांग रं.”

“मी नाय. सर, रागावणार नाय ना?”

“नाही.”

कशेळ्याच्या मुलाने घसा साफ केला. “मॅडम म्हनायच्या, वाका रे सगळे, मालक बांधावर आलेत. जेवण आज त्यांच्याकडेच आहे, नाराज करू नका.”

कुणी हसलं नाही. ते मला जपत होते. मी रोज संध्याकाळी भाजी चिरायचो, हे तिने त्यांना सांगितलेलं होतं तर. इतके दिवस मी भिंत वाजवत होतो आणि पलीकडे प्रत्येक वेळी मला शेताचा मालक करून बांधावर उभं केलं जात होतं, जेवणासकट. ज्याचं शेत, त्याच्याकडे जेवण. म्हणजे ते शेत तिने माझं धरलं होतं.

भिंत पुन्हा वाजली. या वेळी जरा जोरात.

सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. या वेळी कुणी नजर खाली घेतली नाही.

“वाका रे,” मी म्हणालो. पुढचं मला जमलं नाही.  पण बाकांवरून एक-दोघांनी, मग सगळ्यांनी ते पुरं केलं, मालक बांधावर आलेत, आणि अख्खा वर्ग हसला. ते हसू मी पहिल्यांदाच भिंतीच्या अलीकडून ऐकलं. ते वर गेलं, त्या हातभर मोकळ्या पट्टीतून पलीकडे पडलं, आणि पलीकडची खोली शांत झाली. तिथली पोरं मान वर करून बघत असणार. मास्तर हातात डस्टर घेऊन उभा असणार.

चौथं खाचर त्या दिवशी राहिलं. तास संपला. पुढच्या वेळी तिथूनच सुरू करायचं ठरलं, आणि मुलं बाकं जागेवर न लावताच गेली. मी ती तशीच राहू दिली.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये तो तरुण सहकारी माझ्याजवळ आला. जरा संकोचून म्हणाला, “सर, सॉरी, मघाशी भिंत वाजवली. पण पोरं एवढी कशाला हसली? आणि ती बाकं सारखी कुठे नेत होता तुम्ही?”

मी पिशवी खांद्याला लावली. बाहेर अजून उजेड होता.

“सांगून कळणार नाही,” मी म्हणालो. “येऊन बघ एकदा.”

“कसा येऊ, सर?” तो म्हणाला. “त्याच वेळी माझाही तास असतो.”